नाखवांच्या ढाबळीतल्या फळ्या

नाना नाखवा माझ्या ढाबळीत पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी एकाही कबुतराकडे पाहिलं नाही. दारात चपला काढल्या, विष्ठेतून अनवाणी आत शिरले, डोळे मिटून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "हितं कबुतरं ठेवनार, की पावन्यांना आंघोळी घालनार?"

न्हाणीघराच्या कामातून उरलेल्या गुळगुळीत टाइल्स मी हौसेनं ढाबळीला बसवल्या होत्या. पुसायला सोप्या, असं मोबाइलवरच्या एका व्हिडिओत कुणीतरी सांगितलं होतं. तो सांगणारा कुठल्या कोरड्या मुलखातला होता, हा विचार माझ्यासारख्या शाळेतल्या कारकुनाच्या डोक्यात आला नाही. पण गल्लीत तोंड पाहण्यापलीकडे ओळख नाही, आणि घरात घुसून अपमान करायचा, म्हणजे काय? हा सत्तरीचा म्हातारा त्याच क्षणी माझ्या डोक्यात गेला.

नाना आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. जन्मभर स्वतःची होडी घेऊन मासेमारी केली, गुडघे गेले तशी ती सोडली आणि कबुतरं पाळली. रत्नागिरीतल्या यच्चयावत ढाबळींच्या जमिनी तळपायानं तपासून त्यांना नावं ठेवणं हा त्यांचा उद्योग. सिमेंटच्या कोब्याला म्हणायचे, "पावसात ह्याला घाम फुटतो." जांभ्या चिऱ्याच्या जमिनीला म्हणायचे, "चिरा पानी पितो आन् पोटात ठेवतो." एका निवृत्त मास्तरांनी ढाबळीत सतरंजी अंथरली होती. तिथं नाना बोललेसुद्धा नाहीत, नुसत्या चपला घालून चालू लागले. मास्तर पुढे वर्षभर माझ्याजवळ कुरकुरत होते.

माझ्या टाइल्सवर पहिली पिल्लं झाली आणि त्यांचे पाय दोन्ही बाजूंना फाकले. उभंच राहता येईना. नाना म्हणाले, "पिल्लू पाय रोवायला बघतंय आन् तू त्याला घसरवतंस." खरं बोलणाऱ्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता. मी टाइल्स उखडल्या आणि त्यांच्या सांगण्यावरून पोफळीच्या खोडाच्या चिरलेल्या रिपा ठोकल्या, जमिनीपासून हातभर उंच, मधे बोटभर फट ठेवून. "खालून वारा खेळला पायजे. नायतर ती ढाबळ नाय, खोका हाय."

आणि याच शहाण्या माणसानं स्वतःच्या ढाबळीत काय घातलं? किनाऱ्यावर पालथी पडलेली त्यांची होडी शेवटी मोडली, तिच्या फळ्या. जन्मभर समुद्राचं मीठ प्यालेलं लाकूड. पावसाची हवा लागली की ते ओलं होतं, वाळता वाळत नाही. आमच्याकडे असलं लाकूड कुणी घराला लावत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तोंडावर सांगितलं. म्हणाले, "माज्या होडीच्या हायत. तू मला शिकवू नको."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? सगळ्या गावाला तुच्छ लेखणारा हा माणूस जमिनीवरच आपटणार होता, आणि मला ते बघायचं होतं.

आषाढात त्यांची कबुतरं पिसं फुलवून बसायला लागली. चोच उघडी, घशात घरघर. एक मेलं, मग दोन. तेव्हा माझा आनंद आटला आणि त्या माणसाची शिसारी आली. "नाना, तुमच्या लाडक्या लाकडासाठी मुकी पाखरं मारताय तुम्ही," मी ओरडलो.  दुसऱ्या दिवशी नाना उरलेली सहा पाखरं टोपलीत घालून माझ्या दारात. अनवाणी माझ्या रिपांवर उभे राहिले. "घे. तुजी जमीन कोरडी हाय." माझी त्यांनी केलेली स्तुती ती एवढीच.

आठ दिवस पाखरं कोंडून ठेवली, मग सोडली. सरळ नानांच्या छपरावर, तिथून आत, त्याच ओल्या फळ्यांवर. परत आणली, परत गेली. तिसऱ्यांदा मी टोपली घेऊन गेलो, तर नाना पहार घेऊन फळ्या उचकटत होते. गुडघ्यांवर बसले होते.

"ऐकत नायत मेली," ते म्हणाले. "त्यांना वाटतं, ह्यो शाना मानूस हाय."

मी फळीचं दुसरं टोक धरलं. फळ्या मागच्या पडवीत रचून ठेवल्या, ढाबळीत रिपा ठोकल्या. सहाही पाखरं जगली. त्यानंतर नाना कुणाच्या ढाबळीत तळपाय टेकवायला गेले नाहीत. मास्तरांच्या सतरंजीकडेसुद्धा ते पुन्हा फिरकले नाहीत, आणि ते मला सहन होईना.

गेल्या पावसात नाना गेले. मी धावत गेलो. त्यांना पुढच्या खोलीत जमिनीवर घेतलं होतं, त्यांच्या मुलानं हौसेनं बसवलेल्या चकचकीत टाइल्सवर. चपला काढून आत पाऊल टाकलं आणि तळपायाला थंडगार ओल लागली.

मी मागच्या पडवीत गेलो आणि होडीच्या त्या फळ्या ओढायला लागलो. मुलगा म्हणाला, "अहो, हे काय करताय?" नानांच्या पत्नी, आमच्या काकी, मात्र रडता रडता उठल्या, काही न विचारता माझ्यामागे आल्या आणि फळीचं दुसरं टोक त्यांनी धरलं. आम्ही चार फळ्या आणल्या आणि नानांना उचलून त्यांच्यावर ठेवलं.

फळ्या दमटच होत्या. नानांना त्या चालल्या असत्या.