ठणठणीत इमारत

तिला सगळे पुढारीण म्हणायचे. निम्मे मानाने, निम्मे टोमण्याने, आणि तिला दोन्ही चालायचं. चार मजल्यांच्या त्या इमारतीत बाहेरून आलेली चाळीस बिऱ्हाडं. पाण्याची मोटार बसली की तिला हाक, घरमालकाचा माणूस दमदाटी करायला आला की तिला हाक. शिकलेली सातवी, पण कुठल्याही खिडकीपाशी जाऊन उभी राहिली की आतला कारकून खुर्चीत सावरून बसायचा. दिवसभर ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. वाफेने हात कोपरापर्यंत लाल व्हायचे, आणि जीभ त्याहून गरम.

नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. घरात ती, धाकटा दीर आणि त्याची बायको. दिराला तिनेच बोलावून घेतलं होतं. "इकडे कामाला तोटा नाही भाऊजी, तिकडे काय माश्या मारताय?" असं फोनवर म्हणाली होती. काम मिळालंही. इमारतीच्या मागेच प्लायवूडचा कारखाना. तिथे फळ्या घासून गुळगुळीत करायच्या. हवेत सतत भुशाचं पीठ. तीन वर्षांत दीर दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत जिन्यात दोनदा टेकायला लागला.

त्याला जगवत होता गुरुवारचा डॉक्टर. तळमजल्यावर एक बंद पडलेलं दुकान होतं, तिथे दर गुरुवारी संध्याकाळी तो टेबल मांडून बसायचा. कुठून आलात, कुठे काम करता, कागद आहेत का, असलं काही विचारायचा नाही. छातीला नळी लावायचा, श्वासाचा पंप हातात द्यायचा आणि म्हणायचा, "हा संपायच्या आत या." दिराचा महिना त्या पंपावर निघायचा. ती खोली चालवायची एक संशोधन संस्था. बाहेरून आलेल्या माणसांची तब्येत कशी राहते, मन रमतं का, यावर त्या लोकांचा अभ्यास चालला होता.

मग एका रविवारी संस्थेची बाई स्वतः आली. चाळिशीची, सपाट चपला, गळ्यात ओळखपत्र. पुढारणीला शोधत वर आली आणि जमिनीवर मांडी घालूनच बसली.

"पुढच्या आठवड्यात आमच्या मुली टॅब घेऊन घरोघर येतील. तासाभराचे प्रश्न आहेत. कुणाचं नाव घेणार नाही, खोलीचा नंबर घेणार नाही. कोण काय बोललं ते आम्हालाही कळणार नाही."

"हो का? छान," पुढारीण म्हणाली आणि चहा टाकला.

मनात म्हणाली, असेच गोड होते तेही. या शहराच्या आधी ती दुसऱ्या गावात होती, कामगारांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथेही दोन साहेब वही घेऊन आले होते. कोण खोकतो, कोणाला ताप येतो, तुमच्या भल्यासाठीच विचारतोय. तेव्हा ती नवी सून, हौशी. तिनेच त्यांना शेडभर फिरवलं, लाजणाऱ्यांना बोलतं केलं. आठ दिवसांत मुकादमाने बारा जणांना कामावरून काढलं. वहीत ज्यांचा खोकला होता तेच बारा. त्यात तिचा सासरा होता. तो तिला कधी काही बोलला नाही. गावी परत गेला आणि सहा महिन्यांत संपला. तेव्हापासून तिने एक गाठ मारून ठेवली होती: आपलं आजारपण कुणाच्या कागदावर जाऊ द्यायचं नाही.

सोमवारी धुलाईखान्यातून आल्यावर ती चारही मजले चढली.

"ऐका गं. त्या टॅबवाल्या पोरी येतील. झोप कशी लागते? मस्त लागते. खोकला? नाही. काळजी, धडधड, रडू? काही नाही. आपण सगळे ठणठणीत. कळलं?"

"मी काय सांगू?" तिसऱ्या मजल्यावरच्या लंगड्या रखवालदाराने विचारलं. "पायाचं ते बघतीलच की."

"बसून राहा. उठूच नका."

"आणि चालता का विचारलं तर?"

"रोज दोन तास म्हणा."

"पळतो म्हणू का?" तो म्हणाला आणि अख्खा मजला हसला.

दीर मात्र जेवताना घुटमळला. "वहिनी, डॉक्टर याच लोकांचा आहे ना? त्याला माझं सगळं माहीत आहे. मग मी खरं सांगितलं तर बिघडलं कुठे?"

"डॉक्टर तोंडी विचारतो, हे लिहून नेतात. कारखान्याच्या हाती लागलं तर? डोकं चालवा जरा भाऊजी!"

"त्या म्हणाल्या नाव नाही लिहीत—"

"सगळेच म्हणतात. माझं ऐकायचं की त्यांचं?"

दिराने मान खाली घातली आणि भाताचा घास उचलला. धाकटी जाऊ ताट उचलायच्या निमित्ताने उठून गेली.

आठवडाभर पोरी आल्या आणि गेल्या. रखवालदार बसल्या जागी दोन तास चालून आला. नवऱ्याच्या नावाने रोज पहाटे उशी भिजवणारी विधवा म्हणाली, "इथे आल्यापासून मन अगदी रमलंय हो." दिराने तासभर खोकला गिळला, पोरगी जिना उतरेपर्यंत, आणि मग असा उसळला की पाठ चोळून चोळून धाकटीचे हात भरून आले. जाताना प्रत्येक घराला एकेक पाण्याची बाटली भेट. पुढारीण खूश होती. चाळीस बिऱ्हाडं, एक आवाज. असं एक मन मोर्च्यालाही कधी झालं नव्हतं.

सहा महिन्यांनी संस्थेने सगळ्यांना सभागृहात बोलावलं. पंखे, बिस्किटं, मोठा पडदा. रविवारी वर आलेली ती प्रश्नवाली बाई उभी राहिली. खरोखर आनंदली होती. पडद्यावर दोन रंगांचे खांब आले.

"आम्हाला वाटलं होतं, नव्याने आलेल्या लोकांची तब्येत जास्त खालावलेली असेल. पण या भागात उलट दिसलं. झोप, श्वास, मनाची उभारी, सगळ्यात तुम्ही जुन्या रहिवाशांच्या पुढे आहात. हा तुमचा चिवटपणा आहे!"

टाळ्या वाजल्या. रखवालदारानेही वाजवल्या.

"म्हणून," बाई म्हणाली, "गुरुवारची खोली आम्ही पुढच्या महिन्यापासून नदीपलीकडच्या वस्तीत हलवतोय. तिथे गरज जास्त आहे."

पुढारणीच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं. शेजारी दीर बसला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या खांबांकडे बघत होता.

ती उठली. "बाई, हे खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"सगळंच. आम्ही खोटं सांगितलं. मी सांगायला लावलं. चारही मजले चढून."

बाईने तिला हाताला धरून बाजूच्या खोलीत नेलं. चिडली नाही, आणि त्यानेच पुढारणीचं टाळकं फिरलं.

"मग खोडा ना ते! आमच्या इमारतीचे कागद काढा, मी एकेकाला समोर बसवून खरं वदवून घेते."

"कुठले काढू?" बाई म्हणाली. "या भागातली तीनशे माणसं आहेत त्यात. त्यातली तुमची कुठली, मला माहीत नाही. नाव नाही, नंबर नाही. खरंच घेतला नव्हता."

"एकाचाही नाही?"

"एकाचाही नाही. तुम्हाला तसं सांगितलं होतं मी."

पुढारीण भिंतीला टेकली. सगळं आयुष्य तिने साहेबलोकांचा खोटेपणा ओळखण्यात घालवलं होतं, आणि जी एक बाई खरं बोलली ती नेमकी तिला कळली नाही.

"मग पुन्हा विचारा."

"पुढची फेरी तीन वर्षांनी. तोवर अहवालात तळटीप टाकता येईल, की काही उत्तरं पूर्ण विश्वासार्ह नसावीत."

"तळटीप म्हणजे काय?"

"पानाच्या खाली. बारीक अक्षरात."

"आमच्या भाऊजींना बारीक अक्षरात श्वास येत नाही, बाई."

बाईचे डोळे भरले. पुढारणीला ते डोळे बघून कणव आली नाही. रडून मोकळं व्हायला या बाईकडे दार बंद होणारी खोली होती.

शेवटच्या गुरुवारी डॉक्टरने दिराला दोन पंप जास्तीचे दिले आणि मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली. पंप संपले तेव्हा पुढारणीने रजा टाकली आणि त्याला घेऊन गेली. त्या इस्पितळाच्या चादरींना ती नऊ वर्षं इस्त्री करत होती. पुढच्या दाराने मात्र पहिल्यांदाच आत शिरली. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म सरकवला. कामाचं ठिकाण हा रकाना रिकामा ठेवला तर पुढे जाता येत नाही म्हणाला.

"वहिनी, लिहू नका," दीर म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होता."

बाकड्यावर बसून तो खांद्याने श्वास घेत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने कारखान्याचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, किती वर्षं तेही लिहिलं.

पंप मिळाला. इस्पितळाने नियमाप्रमाणे कारखान्याला त्याच्या आजाराचं पत्र धाडलं, आणि अठराव्या दिवशी कारखान्याच्या मुकादमाने दिराला फाटकावरच थांबवलं. शिव्या नाहीत, धक्काबुक्की नाही. "बरा झालास की ये," एवढंच. म्हणजे तिची भीतीही खरी होती. पण त्याचं समाधान कुणाला सांगणार? दीर गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागला. तिला वाटायचं, एकदा तरी त्याने आवाज चढवावा. तो विचारायचा, "वहिनी, चहा घेणार का?"

त्याच महिन्यात प्रश्नवाल्या बाईचा फोन आला. नवा अभ्यास मंजूर झाला होता: नव्याने आलेली माणसं खरं का सांगत नाहीत. पुढारणीची मदत लागणार होती.

"गुरुवारचा डॉक्टर परत येणार आहे का त्यात?"

"तसा या अभ्यासाशी त्याचा थेट—"

तिने फोन ठेवला.

दिराचा पगार तुटल्यावर घर चालेना. मुकादमाने निरोप धाडला, घरातलं दुसरं कुणी असेल तर पाठवा, जागा तीच आहे. धाकटी तयार झाली. पुढारणीने धुलाईखान्यातून आणलेल्या जुन्या चादरीची पट्टी फाडली, ओली करून पिळली आणि तिच्या नाकातोंडावरून मागे नेऊन गच्च बांधली.

"दर तासाला ओली करायची. वाळू द्यायची नाही."

"हो जाऊबाई."

"आणि खोकला आला तर मला सांगायचं. पहिल्या दिवशी सांगायचं."

"सांगून काय करायचं हो?" पट्टीआडून धाकटीने विचारलं.

पुढारणीने पट्टीची गाठ आणखी एकदा आवळली. खाली भोंगा झाला तशी धाकटी जिना उतरून गेली.