सातवा पाटा

"बैलगाडी असो का मोटार, वजन उजव्या अंगाले सारा, होते सरळ," लोहारकाका बाबांना सांगत होते.

आमचा छोटा ट्रक डावीकडे कलला होता. त्यातूनच मला जऊळका स्टेशन गाठायचं होतं; रेल्वे चुकली तर परीक्षा बुडणार होती. कापसाची गाठोडी उजवीकडे सरकवली, तरी कल जाईना. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझ्या मोडक्या वऱ्हाडीला सगळे हसत. मी गप्प राहून चाकांवर वजन पेलणाऱ्या कमानींचे पोलादी पाटे मोजले. उजवीकडे सात, डावीकडे सहा. नुसतं बोट दाखवलं.

काकांनी कपाळावर हात मारला. "काल ठोकाले काढला, अन् भात्यापाशीच राह्यला!"

पाटा बसला, ट्रक सरळ झाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"पोरगी मुकी हाये काय तुमची?" काकांनी बाबांना विचारलं.

"नाही काका," मी म्हणाले. "चाला बाबा, माही गाडी सुटन!"