पदराचा कोपरा
चैत्रात मोगऱ्याचा वास आला की मला कुंभार पिंपळगावच्या आमच्या परसातली ती सकाळ आठवते, आणि मुले तिच्याविषयी जे सांगतात ते साफ खोटे आहे, हेही आठवते. त्यांच्या मते मी पत्नीशी भांडून फोटोसाठी फूल वाचवले. भांडण झालेच नाही. मी लावलेल्या रोपाला प्रथमच एक फूल आले होते, आणि पहिले फूल देवाला वाहायचे हा तिचा नेम. ती परडी घेऊन आली तेव्हा मी मोबाइल धरून फुलासमोर उकिडवा बसलो होतो. "अहो, पहिलं फूल देवाचं असतंय, तुमच्या मोबाइलचं न्हाई," ती म्हणाली. मी एकच फोटो मागितला. पण वारा थांबेना, फूल हलत राहिले, प्रत्येक फोटो पुसट येऊ लागला. तिने ते पाहिले, परडी खाली ठेवली आणि वाऱ्याच्या बाजूला बसून आपला निळा पदर आडवा धरला. "घ्या आता बराबर. अन् जल्दी करा, देव पारोसे बसून राह्यलेत." पूजेला उशीर तिने आयुष्यात तेवढा एकदाच होऊ दिला, आणि तो माझ्यासाठी, हे उपकार मी विसरलेलो नाही. आता मुलगा तो फोटो भिंतीवर लावणार आहे आणि कडेला आलेला निळा कोपरा कापू म्हणतो. तीही त्याचीच री ओढते, "काढून टाक रे, विरलेला पदर लोकाला कशाला दाखवायचा?" या बाबतीत मी तिचेही ऐकणार नाही. जागा कमी पडत असेल तर फुलाच्या बाजूने काप, असे मी मुलाला बजावले आहे.