अक्षतांआधीचा टॅक्स फॉर्म

सिडनीतल्या आमच्या टूनगॅबीच्या घरात किस्से मुद्दाम जमवावे लागायचे नाहीत. चार डोकी, एक बाथरूम आणि जुलैचा टॅक्स फॉर्म, एवढं पुरायचं.

त्या वर्षी निनाद आणि मृदुला नवे आले होते. तो स्टुडंट व्हिसावर, ती त्याची बायको म्हणून. व्हिसाला सर्टिफिकेट हवं, म्हणून जानेवारीत पुण्यात रजिस्टर लग्न उरकलेलं. अक्षता मात्र मुहूर्ताप्रमाणे थेट डिसेंबरात. तोवर नीट राहायचं, असा निनादच्या आईचा हुकूम. म्हणून निनाद माझ्या खोलीत आणि मृदुला आमच्या चौथ्या रूममेटच्या, तेजूच्या. स्वतःच्या नवऱ्याशी बोलायला बिचारी दारावर टकटक करायची.

*

फॉर्ममध्ये प्रश्न होता, या वर्षात जोडीदार होता का? निनाद तासभर खुर्चीत चुळबुळत बसला.

"'हो' म्हटलं आणि आईला कळलं तर?"

"तुझी आई इथल्या टॅक्स ऑफिसात कामाला आहे का?"

"तसं नाही रे. पण खोटं नको."

"मग 'नाही' म्हणालास तर ते खरं होणारे?"

पाणी पिऊन येतो म्हणून उठला, तो परत आलाच नाही.

*

मृदुला एका कॅफेत काम करायची. तिने लंच ब्रेकमध्ये आपला फॉर्म भरला. 'हो', नवऱ्याचं नाव, लग्नाची तारीख. दोन मिनिटांत मोकळी!

*

शनिवारी दोघं ब्लॅकटाउनच्या एका अकाउंटंटकडे गेले. गाडी माझी, म्हणून मीही. तिथल्या सरदारजींनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले.

"बेटा, ये कहती है पति है. तू कहता है बीवी नहीं है. शादी हुई है कि नहीं?"

"आधी हुई है, अंकल."

"आधी का खाना नहीं है फॉर्म में. और वीजावालों को क्या बताया था?"

मृदुलाने निनादचा फॉर्म ओढून घेतला. 'नाही'वरची टिक बघितली आणि बाहेर जाऊन गाडीत बसली.

*

परतीच्या वाटेवर मी उगाच तीनदा आरसा नीट केला. घरी आल्यावर ती फुटलीच. "बँकेतली नोकरी सोडून मी कुणाबरोबर आले रे इथे? मैत्रिणींना काय सांगू, रूममेट?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि निनाद फ्रिजकडे बघत होता.

मग तिनेच फोन कार्ड खरवडलं, पुण्याला फोन लावला आणि स्पीकर ऑन केला.

"आई, इथलं सरकार विचारतंय. डिसेंबरपर्यंत मी तुमची कोण?"

"अगं, कोण म्हणजे? सून."

"निनादने 'बायको नाही' असं लिहिलंय."



"त्याला दे फोन."

निनादने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. पुढची पाच मिनिटं तो फक्त "हो आई, हो" म्हणत होता. तसाच उभ्याउभ्या त्याने फॉर्म दुरुस्त केला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी शिफ्ट संपवून मी घरी आलो. माझी गादी हॉलमध्ये होती. चादर नवी, उशीला स्वच्छ अभ्रा, आणि शेजारी माझे सगळे कपडे इस्त्री करून ठेवलेले.