साडूंची जवळची मेमरी

जगातली सगळी दुःखं वस्तू लांब ठेवल्यामुळे निर्माण झाली आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, म्हणजे मानाने मोठे. त्यामुळे बाकीच्यांना मी जे तोंडावर ऐकवतो, ते त्यांना ऐकवता येत नाही. म्हणून इथे लिहितोय.

साडूंनी उभी नोकरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका कोपऱ्यात काढली. कुठल्या प्रोग्रॅमला मेमरीतली कुठली जागा द्यायची, हे ठरवणारा तो कोपरा. निवृत्त झाल्यावर लोक टेकडीवर जातात, भजनाला जातात. यांनी तो कोपराच घरी आणला. कर्वेनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीचा चष्मा वेगळा, आणि कुठलाही चष्मा आपल्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. नखं कापायचं नेलकटर पेपरच्या घडीला बांधलेलं, कारण नखं कापायची त्यांना पेपर वाचतानाच आठवण होते. बाल्कनीत चहा पितात म्हणून साखरेची एक बरणी बाल्कनीत, आणि त्यामुळे मुंग्यासुद्धा बाल्कनीतच. मेव्हणींनी एकदा वैतागून सगळे चष्मे गोळा केले आणि हॉलमधल्या टोपलीत ठेवले. दिवसभर हे टोपलीकडे येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी मेव्हणी म्हणाल्या, "बघा, एकही हरवला नाही." तर हे म्हणाले, "हरवलं काहीच नाही. घर हळू झालं."

लग्नाकार्यात तर त्यांना शोधावंच लागत नाही. पंगत कुठेही असो, साडू भटारखान्याच्या दाराशी बसलेले असणार. माझ्या पुतण्याच्या लग्नात व्याह्यांच्या शेजारची मानाची खुर्ची रिकामी ठेवून हे गृहस्थ तिकडे धुरात जिलबी खात होते. मी खुणावलं, मग जाऊन हात धरला, तरी उठले नाहीत. म्हणाले, "वाढपी चांगले आहेत हो. पण इथून तिथे जाईपर्यंत जिलबी निवते, त्याला ते काय करणार?" व्याही अजून मला विचारतात, तुमचे ते साडू रुसले होते का.

माझं दुकान त्यांच्या घरापासून जवळ, प्लायवूड आणि मॉड्युलर किचनचं. लोणी काळभोरहून येऊन, आधी दुसऱ्यांच्या दुकानात प्लाय उचलून मग स्वतःचं उभं केलेलं. माझ्या काउंटरच्या ड्रॉवरला मी बायकोलाही हात लावू देत नाही. साडू पहिल्यांदा दुकानात आले आणि काही न विचारता त्यांनी त्या ड्रॉवरमध्ये एक चष्मा ठेवला. "इथे कॅटलॉग वाचावा लागेल," म्हणाले. कॅटलॉग त्यांनी कधी उघडला नाही. चष्मा मात्र राहिला.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. पुण्याजवळच्या मांजरी गावात एका बिल्डरची मोठी स्कीम चालू होती. त्याला प्रत्येक प्रकारच्या फ्लॅटमधलं किचन कॉम्प्युटरवर खऱ्यासारखं रंगवून सोमवारी बघायचं होतं. चित्रं वेळेवर दिली तर काम माझं, नाहीतर माझ्या समोरच्या दुकानाचं. आणि समोरच्याला काम जाण्यापेक्षा मी शटर ओढून गावी ऊस लावला असता. म्हणून एका डीलरकडून मी वापरलेलं पण दणकट मशीन घेतलं. आत एक सोडून दोन प्रोसेसर. सांगितलेल्या भावाला मी आयुष्यात कोथिंबीरही घेतलेली नाही, तेव्हा डीलर रडकुंडीला आला हे वेगळं सांगायला नको. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या मी त्याच्याकडून वरकड उकळल्या, आणि बसवायचे पैसे मागतोय म्हटल्यावर दुकानात आणून स्वतः बसवल्या.

तर हे दोन प्रोसेसरवालं मशीन दुकानातल्या जुन्या, एकाच प्रोसेसरच्या मशीनपेक्षाही हळू निघालं. आमची डिझायनर मुलगी म्हणाली, "काका, जुन्यावर निदान चहा होईपर्यंत चित्र यायचं. यावर जेवण होतं." शनिवार उजाडला होता. मी डीलरला बोलावून घेतलं आणि असा काही आवाज लावला, की समोरचा दुकानदार स्टूल घेऊन बाहेर येऊन बसला. फसवलंस, कचरा गळ्यात मारलास, पुण्यात धंदा कसा करतोस बघतो. डीलर घामाघूम झाला. शेवटी हात जोडून म्हणाला, "शेठ, एक ग्राफिक्स कार्ड माझ्याकडून फुकट घ्या. पण आवाज कमी करा."

वाचकहो, हा क्षण नीट लक्षात घ्या. कार्ड माझ्या हातात पडल्यातच जमा होतं. आणि याच क्षणी कोपऱ्यात बसलेले साडू उठले, ड्रॉवरमधून आपला चष्मा काढला, मशीनचं झाकण उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "याला काहीही झालेलं नाही. पट्ट्या कुणी बसवल्या?"

"मी," मी म्हणालो.

"सगळ्या एकाच प्रोसेसरच्या शेजारी?"

"मग? एक रॅक पूर्ण भरायचा, दुसरा पुढच्या मालासाठी मोकळा ठेवायचा. दुकानदाराने माल आणखी कसा लावायचा?" यात माझं काय चुकलं, हे मला आजही कळलेलं नाही.

"तुमचं गोडाऊन कुठंय?"

"मागच्या गल्लीत. तुम्हाला माहीत आहे."

"काउंटरवरच्या एका माणसाला एकेका स्क्रूसाठी मागच्या गल्लीत पाठवलं, आणि वर हळू आहेस म्हणून ओरडलं तर?"

"तो नोकरी सोडून जाईल."

"प्रोसेसरला ती सोय नाही," साडू म्हणाले.

त्यांनी अर्ध्या पट्ट्या काढून दुसऱ्या प्रोसेसरच्या शेजारी लावल्या. मग मशीन सुरू करताना सेटिंगची एक निळी पाटी पडद्यावर उघडून त्यात बराच वेळ बघत बसले. तिथे कुणीतरी अशी खूण करून ठेवली होती, की दोन्हीकडची मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमला एकच ढीग दिसावी. "हिला कुणी सांगितलेलंच नाही, कुठली मेमरी कुणाच्या जवळची," साडू एखाद्या सासुरवाशिणीची बाजू घ्यावी तसे बोलत होते. "म्हणून ही एकाचं काम दुसऱ्याच्या दारात ठेवते. आता कळलं की ज्याचं त्याच्या शेजारी ठेवील." खूण काढली, मशीन चालू केलं, आणि चहा यायच्या आत पडद्यावर किचन उभं राहिलं. डीलर माझ्या पैशाचा चहा प्यायला, साडूंना वाकून नमस्कार केला आणि कार्ड बॅगेतच घेऊन गेला. समोरच्याने स्टूल आत नेलं.

सोमवारी चित्रं गेली, काम मिळालं. ते कोण नाकारतंय? पण कार्ड हातचं गेलं, तेही तितकंच खरं. मी साडूंना म्हणालो, "तो निघून जाईपर्यंत गप्प बसला असतात, तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "चांगलं मशीन कचरा ठरलं असतं." जणू मशीनच त्यांचा साडू होता.

यंदा त्यांच्या मुलीने त्या दोघांना कॅनडाला कायमचं बोलावून घेतलं. सामान आवरताना मेव्हणींनी सगळ्या खोल्यांचे चष्मे एका पिशवीत भरले, तेव्हा साडूंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मीही ड्रॉवरमधला चष्मा नेऊन त्यांच्यापुढे धरला.

"हा दुकानातला आहे," ते म्हणाले. "परत ठेवा."

"अहो, तुम्ही तिकडे, चष्मा इकडे. मग तुमची ती लांबची मेमरीच झाली की."

त्यांनी चष्मा मिटून माझ्या हातात परत दिला. "लांबचं म्हणजे नसलेलं नव्हे, शेठ. लागलं की यावं लागतं, एवढंच."

परवा एका गिऱ्हाइकाने लॅमिनेटचा कॅटलॉग बघायला तो चष्मा मागितला. मी दिला नाही. गिऱ्हाईक रागावून समोरच्या दुकानात गेलं, जाऊ दे. मी काच पुसून चष्मा पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला. फोनवर साडू मशीनची चौकशी करतात, मी पावसापाण्याचं बोलतो. कार्डाचा विषय मी काढत नाही. ते भांडण फोनवर उरकण्यासारखं नाही, ते दुकानात समोरासमोरच व्हायला हवं. त्यासाठी त्यांना यावं लागेल.