पेजेचा तांब्या
काळारामाच्या दारात सत्याग्रह चालू होता, त्या उन्हाळ्यात आमचं पुण्याचं भजनी मंडळ नाशिकला सेवेसाठी आलं होतं. मंडळाचे प्रमुख पन्नाशीचे, सडपातळ गृहस्थ. अस्पृश्य वस्तीत शिरले की धोतर वर खोचून स्वतः गटार उपसायचे. पोरांची खरजेनं चिघळलेली बोटं मांडीवर घेऊन धुवायचे आणि धुताना हळू आवाजात अभंग म्हणायचे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मात्र कुणी पाणी विचारलं की ते हात जोडायचे. "सेवेत नुसतं द्यायचं असतं, बाई. घ्यायचं काही नाही."

परतताना ते गोदावरीत बुडी मारायचे, आम्हालाही मारायला लावायचे. "धूळ फार असते हो," म्हणायचे.

वस्तीतल्या एका म्हातारीची सून तापानं पडली होती. तिच्यासाठी ते रोज तांब्याभर पेज न्यायचे. आम्ही निघायच्या दिवशी सून उठून बसली. म्हातारीनं तांब्या राखेनं लख्ख घासला, पाण्यानं भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"भांडं रिकामं देत नाय," म्हणाली.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. थेंबही न सांडता वस्तीच्या कडेपर्यंत नेला, तिथल्या कडुलिंबाच्या रोपाला सगळं पाणी घातलं आणि डोळे मिटून नमस्कार केला.

म्हातारी आम्हाला पोचवायला मागून येतच होती.

"त्या लिंबाला मी रोज घालते, बाबा," ती म्हणाली. "हे तुमाला व्हतं."