जळालेल्या पडद्याची गॅलरी

मंडळी, नगरच्या सायबर कॅफेतून लिहितोय.

आज दुपारी आमच्या बिल्डिंगसमोरून नवरदेवाची मिरवणूक चालली होती. एक रॉकेट पहिल्या मजल्यावर शिंदेकाकूंच्या गॅलरीत शिरलं आणि उन्हासाठी लावलेला बांबूचा पडदा पेटला. काकूंनी बादली ओतली म्हणून निभावलं.

मग आम्ही सगळेच रस्त्यावर येऊन बिल्डिंगच्या भिंतीकडे बघत उभे राहिलो. चारही मजल्यांना तसेच पडदे, एकाच्या डोक्यावर एक.

काकू म्हणाल्या, "आग काय जिना हुडकत बसायची न्हाई. हितनंच वर जाईल."

सगळ्यांना पटलं. पडदे आजच काढायचं ठरलं.

संध्याकाळी पाहिलं, तर फक्त काकूंची गॅलरी मोकळी होती. आमचाही पडदा अजून तिथंच आहे, दुपारी ऊन फार येतं हो.

तुमच्या गॅलरीला काय लावलंय?